डेंग्यूचा इशारा पावसावरून द्यायचा की पिंपं बघून?

पन्हाळी:
पुण्यातल्या डेंग्यूची हवामानाशी सांगड घालणारा आयआयटीएम या पुण्यातल्या हवामान संशोधन संस्थेचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये आला. पारा २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि बेताचा, विभागून पडणारा पाऊस असला की रुग्ण वाढतात. आठवड्यात १५० मिमीच्या वर कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात, रुग्ण घटतात. दोन महिने आधी इशारा मिळू शकतो म्हणे. मग रुग्ण सापडेपर्यंत थांबायचं कशाला?

टिपाड:
इशारा अख्ख्या शहराला, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास मात्र जन्मल्या घरापासून शे-दोनशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. शिवाय जिथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे भर मेमध्येही पिंपं-रांजण भरलेलेच. पर्जन्यमापकात शून्य, पिंपात वळवळ! घरं तपासा. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. तोही नीट काढा: टॉर्च मारला की अळ्या तळाला बुडी मारतात, वर यायला वेळ घेतात. घाईत डोकावणारा 'निरंक' लिहून पुढच्या दारात.

तिसरा बाक:
दोघंही रुग्णसंख्या खरी धरून चाललाय. झटपट निकालाच्या रॅपिड कार्डावर पॉझिटिव्ह आलेला सरकारी तक्त्यात 'निश्चित' धरत नाहीत, त्याला एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी लागते. विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ तापाच्या पहिल्या पाच दिवसांत, पुढे प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. सातव्या दिवशी नुसती एनएस१ केली, निगेटिव्ह आली, की गडी गणतीबाहेर. २०२१ मध्ये राज्यातला झिकाचा (हाही एडिसनंच पसरणारा आजार) पहिला रुग्ण पुरंदरच्या बेलसरला सापडला, तो तापाचे नमुने एनआयव्ही या पुण्यातल्या विषाणू संस्थेत गेले म्हणून.

पन्हाळी:
गणती दरवर्षी सारखीच तोकडी असेल तर चढउतार तरी खरा ना?

तिसरा बाक:
सारखी कुठली? पेपरात बातमी आली की तपासण्या दुप्पट.

पन्हाळी:
बरं, ते मान्य. पण तपासनीस मोजकेच. कोणत्या आठवड्यापासून घरं घ्यायची, एवढं तरी हवामानावरून ठरवा.

टिपाड:
ठरवा की. फक्त त्या इशाऱ्यावर धुरळणीची गाडी काढू नका. एडिस दिवसा चावतो आणि घरात पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसतो; संध्याकाळचा रस्त्यावरचा धूर तिथवर पोचत नाही. पिंप आठवड्याला रिकामं करून आतून काथ्यानं घासायचं. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. नुसतं ओतून पुन्हा भरलं की अळ्या परत हजर. टंचाईत ओतायला कुणी धजत नाही, तिथे तोंडाला घट्ट कापड बांधा. आणि फ्रिजमागचा पाण्याचा ट्रेही मोजणीत घ्या, तो हमखास सुटतो.