पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याला स्वागताच्या पानावर कसं न्यावं? (वर्डप्रेस)

कोरी_पाटी:
आमच्या वाचकगटाची सभासदांसाठीची साइट आहे. नवा सभासद लॉगिन करतो तो थेट डॅशबोर्डवर जाऊन पडतो. पुढे काय करायचं ते कळत नाही, आणि मग बरेच जण पुन्हा फिरकतच नाहीत. पहिल्या खेपेला स्वागताचं पान आणि नंतर नेहमीचं, एवढंच हवंय. पीएचपी जुजबी येतं. कुकी ठेवून भागेल असं एकाने सुचवलंय. भागेल का?

सर्व्हरवाला:
कुकी नको. ती ब्राउझरपुरती असते. फोनवर स्वागत पाहिलेल्याला लॅपटॉपवर पुन्हा तेच दिसेल, आणि घरातल्या एकाच कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कुणी लॉगिन केलं तर त्याला ते दिसणारच नाही. खूण खात्यावर हवी, म्हणजे यूजर मेटात (प्रत्येक खात्यासोबत वर्डप्रेस जी जादा माहिती साठवतं, तिच्यात). वर्डप्रेस शेवटचं लॉगिन स्वतःहून नोंदवत नाही, त्यामुळे ती आपणच ठेवायची.

त्यासाठी 'लॉगिन_रिडायरेक्ट' फिल्टर आहे, म्हणजे लॉगिननंतर कुठे जायचं ते आपल्या कोडने बदलायची सोय. त्यात तीन गोष्टी येतात: जायचा पत्ता, मुळात मागितलेला पत्ता आणि यूजर. आपलं फंक्शन जोडणाऱ्या 'अ‍ॅड_फिल्टर'च्या शेवटी १०, ३ लिहाच (१० हा क्रम, ३ म्हणजे किती गोष्टी हव्यात). नाही लिहिलं तर तुमच्या फंक्शनला पहिली एकच गोष्ट मिळते. आणि हा फिल्टर नुसतं लॉगिनचं पान उघडलं किंवा पासवर्ड चुकला तरी चालतो. तेव्हा तिसऱ्या जागी यूजर नसतो, एरर असते. आधी ते तपासा.

दुवा_जोडणारी:
त्या दुसऱ्या पत्त्याबद्दल कळकळीने सांगते. समजा, सभासदाला मेलमध्ये एका चर्चेची लिंक आली, त्याने ती उघडली, साइटने लॉगिन मागितलं. त्याला ती चर्चा वाचायची आहे. त्याला स्वागताच्या पानावर ढकललंत तर चर्चा हातची जाते आणि पहिल्याच भेटीत तो वैतागतो. म्हणून मागितलेला पत्ता असेल तर तिकडेच जाऊ द्या, स्वागत पुढच्या लॉगिनला. मात्र डॅशबोर्डचा पत्ता मागितलेला दिसला तर तो रिकामा समजा, कारण तो बहुतेक वेळा वर्डप्रेसनेच जोडलेला असतो.

यामुळेच 'स्वागत झालं' ही खूण फिल्टरमध्ये करू नका. स्वागताचं पान खरोखर उघडेल तेव्हाच करा. मध्येच नेट गेलं तरी माणूस राहून जात नाही.

कोरी_पाटी:
हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार! पण जुन्या सभासदांच्या खात्यावर तर खूणच नाही. उद्या सगळ्यांनाच स्वागत दिसेल ना?

सर्व्हरवाला:
दिसेल. म्हणून 'यूजर_रजिस्टर्ड' तारीख बघा आणि कोड सुरू केल्यानंतर नोंदणी झालेल्यांनाच पाठवा. ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) असते, तुलना करताना लक्षात असू द्या.

रात्रपाळी:
दोन गोष्टी राहिल्या. हा फिल्टर वर्डप्रेसच्या मूळ लॉगिन पानावरच चालतो. वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगइनच्या) 'माय अकाउंट'मधून लोक येत असतील तर तिथला फिल्टर वेगळा, 'वूकॉमर्स_लॉगिन_रिडायरेक्ट'. नोंदणी होताच आपोआप आत घेणारं प्लगइन असेल तर दोन्हींना वळसा पडतो. त्या प्लगइनच्या सेटिंगमध्येच पत्ता द्यावा लागतो. दुसरं, कुठे स्वतः रिडायरेक्ट लिहिलंत तर त्याचा कोड ३०२, म्हणजे तात्पुरतं, ठेवा. ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि मग माणूस नेहमीच्या पानावर पोचतच नाही.

कोड थीमच्या फाइलीत नको, थीम बदलली की गेला. छोटं स्वतःचं प्लगइन करा. एवढ्या कामाला बाहेरचं मोठं प्लगइन लागत नाही.

दुवा_जोडणारी:
आणि त्या पानावर 'नंतर बघतो' अशी ठळक लिंक ठेवाच. तेच पान मेनूतही असू द्या, म्हणजे ज्याला नंतर खरंच बघायचंय त्याला ते सापडेल.