सेकंडहँड बास गिटार : ठेवलीत की विकलीत? तुमचे अनुभव लिहा

माझ्या कपाटामागे एक बास उभी आहे. चार तारांची, सनबर्स्ट रंगाची. माझ्या आधी कुणीतरी ती भरपूर वाजवलेली असणार, कारण वाजवताना उजवा हात जिथे टेकतो तिथलं लॅकर झिजून खालचं लाकूड उघडं पडलंय. मी घेतली त्याला आठ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं रोज हातात असायची. मग बँड मोडला, कामं वाढली, आणि गेल्या वर्षभरात ती मोजून चार वेळा बाहेर आली. चौथ्या वेळी सगळ्यात जाड ई तार तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे तिसऱ्या आडव्या धातूपट्टीशी, दाबली तर सुराऐवजी नुसती झणझण.

तेवढ्यात ओळखीतल्या एकांनी विचारलं, "देणार का?" दोन आठवडे झाले, मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. पैशांची निकड नाही, पण नुसती उभी ठेवणंही बरं वाटत नाही.

म्हणून हा धागा. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं ते लिहा. बारीकसारीक तपशील गाळू नका, मला तेच हवे आहेत.

*

ताई, आधी ती झणझण. मी माझी पहिली बास त्याच कारणाने विकली. नेक, म्हणजे बासची लांब मान, गेली असं मी धरूनच चाललो होतो आणि किंमतही तशीच सांगितली. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी खिशातून ॲलन की काढली, मला विचारून ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा बाक कमीजास्त करणारा धातूचा दांडा) पाव फेरा सैल केला, परत सुरात लावली आणि वाजवली. झणझण अर्ध्याहून कमी झाली होती. माझ्याच खोलीत, माझ्याच ॲम्पवर. शब्द दिलेला होता, बास त्यांच्याबरोबर गेली. आज बारा वर्षं झाली तरी ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक बासवर हे करून बघतो. सुरात लावलेल्या बासची ई तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर दाबायची, उजव्या हाताने नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर. मधली तार म्हणजे आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट किती आहे ते बघायचं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, म्हणजे पाव ते तृतीयांश मिलिमीटर, एवढी फट बहुतेक बासना मानवते. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर नेक जरुरीपेक्षा सरळ झाली किंवा मागे गेली, आणि मग खालच्या फ्रेटवर, म्हणजे तुमच्या तिसऱ्यासारख्या ठिकाणी, झणझण येते. फट फार मोठी असेल तर नेक पुढे वाकली आहे.

चार तारा मिळून नेकवर साधारण ७०-८० किलोंचा ताण असतो आणि तो ताण हा एक रॉड तोलून धरतो. हवा बदलली, तारा बदलल्या, बास बरेच महिने सैल पडून राहिली की तोल ढळतो. त्याला बिघाड म्हणत नाहीत. एका वेळी पाव फेराच फिरवायचा, मग रात्रभर ठेवायचं. रॉडचा नट हलत नसेल तर जोर लावायचा नाही, जाणत्याकडे न्यायची. नट शेवटपर्यंत आवळलेला आहे आणि तरी नेक पुढेच वाकलेली आहे, असं दिसलं तर मात्र विकण्याचा विचार करा, आणि घेणाऱ्याला ते स्पष्ट सांगा.

*

मी विकली आणि मला एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही. साडेचार किलोची होती. तासभर उभं राहून वाजवलं की डावा खांदा दोन दिवस धरायचा. रुंद पट्टा घेतला, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. हात लहान, त्यामुळे पहिल्या चार फ्रेटवर बोटं ताणून ताणून मनगट दुखायचं. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणली तेव्हा ३४ इंचांचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ठेवलं आणि पुढे बहुतेकांनी तेच माप धरलं. पण ते माप सगळ्यांनाच जमलं पाहिजे असं कुठे आहे? आता माझ्याकडे ३० इंचांची शॉर्ट स्केल आहे, तीही सेकंडहँड. रोज वाजवते. पहिली चांगल्या हातात गेली आणि माझा खांदा सुटला.

*

माझी गोष्ट ठेवण्याची नाही आणि विकण्याचीही नाही.

बास घेऊन वर्ष झालं होतं. विकायची ठरली म्हणून फोटो काढायला बसलो आणि प्रथमच नेकप्लेटवरचा सीरियल नंबर नीट वाचला. जाहिरातीत नक्की साल लिहावं म्हणून तो नंबर शोधला, तर चोरीला गेलेल्या वाद्यांच्या एका यादीत तोच नंबर. रंग तोच. वर्णनात लिहिलं होतं, "हेडस्टॉकच्या मागे सिगारेटने भाजल्याचा डाग." मी हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांकडचं टोक, उलटा केला. डाग होता. वर्षभर त्या डागावर माझा अंगठा फिरला होता.

खरं सांगतो, तासभर मी काहीच केलं नाही. मग यादीत नोंद करणाऱ्या मूळ मालकांना कळवलं. ते आले, केस उघडली, बास बाहेर न काढता नुसता हात ठेवून बसले. माझे पैसे बुडाले. ज्यांच्याकडून घेतली होती त्यांचा फोन लागला नाही. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये घेतलेली हॉफ्नर बास १९७२ मध्ये चोरीला गेली होती आणि ५१ वर्षांनी त्यांच्याकडे परत आली. २०२४ मध्ये ती बातमी वाचली तेव्हा मला त्या गृहस्थांचा तो हात आठवला. तुम्ही ठेवा किंवा विका, आधी नंबर बघा. घेतानाच बघायला हवा होता, मी बघितला नाही.

*

दोन पिकअपच्या जॅझ प्रकारच्या बासबद्दल थोडं. एकच पिकअप (तारांचं कंपन टिपणारं, तारेची गुंडाळी असलेलं चुंबक) चालू ठेवला की गूं असा आवाज येतो, दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की थांबतो, म्हणून मी "वायरिंग खराब" असं लिहून विकायला काढली होती. ते खराब नसतंच. दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, दोन्ही सारखे चालू असले की गुणगुण एकमेकांना खोडून काढते. जाहिरात मागे घेतली. बास अजून माझ्याकडे आहे.

*

मी डेड स्पॉटमुळे, म्हणजे सूर विझणाऱ्या जागेमुळे, विकली. 'जी' (G) तारेवर पाचव्या फ्रेटचा सी वाजवला की सूर सुरू व्हायचा आणि लगेच विझायचा, शेजारचे दोन्ही सूर मात्र छान लांब चालायचे. तो एक सूर टाळून वाजवायची सवय लागली, आणि त्या सवयीचाच राग यायला लागला. दुसरी घेतली. तिचा डेड स्पॉट सहाव्या फ्रेटवर निघाला.

मग कळलं की तारेचं कंपन नेकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळलं की नेक ती ऊर्जा पिऊन टाकते. बोल्टने जोडलेल्या लाकडी नेकवर, 'जी' तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास, हे बहुतेक ठिकाणी कमीअधिक सापडतंच. हेडस्टॉकला एक छोटं वजनदार क्लॅम्प लावलं तर ती जागा थोडी सरकते. माझी दोन सुरांच्या मध्ये गेली आणि त्रास संपल्यात जमा झाला. पहिली बास त्या क्लॅम्पने वाचली असती. तिची नेक या नेकपेक्षा फार चांगली होती.

*

जुन्या तारा हे विकायचं कारण असू शकत नाही, एवढंच लिहायला आले. मोटाउनचे बासवादक जेम्स जेमरसन त्यांच्या १९६२ च्या प्रिसिजनवरच्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. राउंडवाउंड (खरखरीत वेढ्यांच्या) तारा आवाजाला मेल्या असतील तर पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पूर्ण कोरड्या करा. काही दिवसांसाठी तरी चमक परत येते. तेवढ्यात मन काय म्हणतं ते कळेल.

*

ज्यांचं विकायचं ठरलंच आहे त्यांच्यासाठी. पिकअप किंवा ब्रिज बदलला असेल तर मूळचे सुटे भाग, स्क्रूसकट, बासबरोबर द्या. झिजलेला रंग नव्याने मारू नका. जुन्या बासची किंमत रंग मारल्याने घटते. ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली) बास असेल तर ९ व्होल्टची बॅटरी काढून ठेवा, माझी आत गळली आणि सर्किट खाऊन गेली. दुसऱ्या देशात पाठवणार असाल तर फ्रेटबोर्डचं लाकूड बघा. २०१७ च्या जानेवारीत रोझवूडच्या जवळपास सगळ्या जाती साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंधनात आल्या होत्या. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही.

*

मी तीन बास विकल्या, एक ठेवली. ठरवायची माझी रीत अशी : आधी सेटअप (रॉड, तारा वगैरे नीट लावून घेणं), मग बास केसमधून काढून स्टँडवर, रोज बसतो त्या खुर्चीशेजारी. महिनाभर, कुणी न सांगता ज्या दिवशी हात तिच्याकडे गेला त्या दिवशी कॅलेंडरवर टिंब. विकलेल्या तिघींची टिंबं पाचाच्या वर गेली नाहीत. आजारी बासवर निर्णय घेऊ नका, ती कुणालाच हातात घ्यावीशी वाटत नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. महिन्याने लिहिते आहे.

नंबर पाहिला, कुठल्याही यादीत नाही. कार्डाची परीक्षा केली. कार्ड सोडाच, तार सातव्या फ्रेटला चिकटलेली होती. पाव फेरा सैल केला, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. आठ वर्षांत मी त्या नटला कधी हात लावला नव्हता. तारा त्याच ठेवल्या आहेत.

कॅलेंडरवर एकोणीस टिंबं आहेत. त्यातले पहिले आठवडाभराचे दिवस बोटांची टोकं पोळल्यासारखी दुखत होती, तरी टिंबं पडली. बँडमधल्या जुन्या ओळी हाताला आठवत होत्या, मला आठवत नव्हत्या.

विचारणाऱ्या गृहस्थांना काल नाही म्हणून कळवलं. त्यांचेही हात लहान आहेत, म्हणून वरचा शॉर्ट स्केलचा अनुभव त्यांना वाचायला दिला. ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा 'जी' आता स्वच्छ वाजतो; रात्री ॲम्प बंद असला तरी बॉडी पोटाशी धरली की बरगड्यांत ऐकू येतो.