मितला कॅफे, सॅन बर्नार्डिनो: टाको बेलच्या आधीची गोष्ट

सुनीता_कोथरूड: पुढच्या महिन्यात मुलीकडे कॅलिफोर्नियात रेडलँड्सला जायचंय. जावई म्हणाले, तिथून जवळच एका जुन्या मेक्सिकन हॉटेलात टाको (मक्याच्या दुमडलेल्या पोळीत सारण) खाऊनच टाको बेल या फास्टफूड साखळीच्या मालकाला कल्पना सुचली. हे खरं आहे का? आणि ते हॉटेल अजून घरचीच मंडळी चालवतात का? आमचे हे शाकाहारी आहेत, तेही बघायचंय.

रेणू_कॅलिफोर्निया: खरं आहे, सुनीताताई. मितला कॅफे म्हणतात त्याला. ल्युसिया रॉड्रिगेझ या बाईंनी 1937 साली माउंट व्हर्नन रस्त्यावर सुरू केलं. रूट 66 हा जुना प्रसिद्ध महामार्ग त्याच रस्त्याने जायचा. आज त्यांच्याच घरातली पुढची पिढी गल्ल्यावर असते.

समोरच टाको बेलच्या मालकाचा, ग्लेन बेलचा, हॅम्बर्गर-हॉटडॉगचा ठेला होता. मितलासमोर लागणारी रांग त्याला रोज दिसायची. तो तिथे जेवायला जाऊ लागला आणि टाको कसे करतात ते त्याने मितलाच्या मंडळींकडूनच शिकून घेतलं. 1954 मध्ये त्याने टाको-टिया काढलं, 1962 मध्ये डाउनीला पहिलं टाको बेल, आणि 1978 मध्ये सगळा धंदा पेप्सिको कंपनीला विकला. ल्युसियाबाईंचं नाव मात्र या भागाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि मितला म्हणजे नुसते टाको नव्हेत हो! त्या काळी शहराच्या पेरिस हिल इथल्या पोहण्याच्या तलावात मेक्सिकन मुलांना आठवड्यातून एकच दिवस पोहू देत. त्याविरुद्ध वस्तीतल्या व्यापाऱ्यांनी आणि पुढाऱ्यांनी जी समिती उभी केली, तिची ऊठबस मितलातच असायची. 1944 साली ते लोपेझ विरुद्ध सेकोम्ब हा खटला जिंकले. पुढे 1947 च्या मेंडेझ खटल्याने कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, त्याच्या आधी इथे ही पायवाट पडली होती.

आनंद_पी: छान माहिती. म्हणजे कडक टाकोचा शोध बेलने लावला म्हणतात ते चूक?

रेणू_कॅलिफोर्निया: चूकच. मक्याच्या टॉर्टियात, म्हणजे पातळ पोळीत, सारण भरून, दुमडून तळायचं आणि मग वरून लेट्यूस, टोमॅटो, किसलेलं चेडर कोंबायचं, हे इथल्या मेक्सिकन घरांत आधीपासून होतं. टाकोची कडक कवचं एकदम तळून ठेवायच्या साच्याचं पेटंटसुद्धा न्यूयॉर्कच्या हुवेन्सियो माल्दोनादो या मेक्सिकन हॉटेलवाल्याच्या नावावर आहे, 1950 चं. बेलने केलं ते असं की कवचं आधीच तळून ठेवली आणि गिऱ्हाइकाच्या हातात झटपट टाको दिला. भरून तळलेल्या टाकोत सारणाचा रस कवचात मुरतो, कडा कुरकुरीत आणि घडीशी जरा चिवट लागतो. तो फरक तुम्हाला पहिल्याच घासाला कळेल.

सुनीताताई, यजमानांसाठी एक सांगते. मेक्सिकन स्वयंपाकात राजमा घोटताना डुकराची चरबी घालायची पद्धत आहे, भातातही कोंबडीचं पाणी असू शकतं. मागवण्याआधी दोन्ही विचाराच. चिले रेयेनोत, म्हणजे भरल्या मिरचीत, चीज असतं, पण वरचं आवरण अंड्याचं. टाकोत मात्र मांसाऐवजी बटाटा भरून मिळेल का, ते विचारून बघा.

सुनीता_कोथरूड: अंडं चालतं त्यांना! मुलीला आत्ताच कळवते, पहिल्या रविवारी तिथेच जेवायचं म्हणून.