चर्चा: सी अर्चिनमध्ये यू१ जनुकाच्या प्रतींची रांग, गरज की योगायोग?

निळाई
सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्यात यू१ आणि यू२ या छोट्या केंद्रकीय आरएनएंची जनुके एकामागोमाग एक, स्पेसरसकट (जनुकांमधल्या डीएनएसकट), पुन्हा पुन्हा येतात. माझं ठाम मत आहे की ही रांग भ्रूणाच्या गरजेतून टिकली. प्रथिनाच्या जनुकाला दोनदा वाढ मिळते: एका जनुकापासून अनेक एमआरएनए (प्रथिनाचा आराखडा नेणाऱ्या प्रती), आणि प्रत्येक एमआरएनएपासून अनेक प्रथिनं. यू१ स्वतःच अंतिम माल आहे, त्याला दुसरी वाढ नाही. पेशी भराभर विभागत असताना प्रत्येक नव्या केंद्रकाला स्प्लायसिंगची (कच्च्या एमआरएनएतले इंट्रॉन नावाचे मधले तुकडे कापून बाकीचे जोडण्याची) यंत्रणा हवी, यू१ तिचाच भाग, मग जनुकाच्या प्रतीच वाढवाव्या लागणार.

तर्कट
सहमत नाही. अंड्यात यू१चा साठा आईकडून आलेलाच असतो. शिवाय सुरुवातीला ज्यांची सर्वाधिक धावपळ असते त्या हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं) जनुकांत इंट्रॉनच नाहीत, म्हणजे त्यांना यू१ लागतच नाही. रांगा असमान क्रॉसिंग ओव्हरमुळे (गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल नेमकी न जुळता झाल्यामुळे) लांब-आखूड होत राहतात. माणसातली यू२ची रांग बघा: सुमारे ६ हजार बेसचा (डीएनएच्या 'अक्षरांचा') तुकडा पुन्हा पुन्हा, आणि प्रतींची संख्या व्यक्तीगणिक वेगळी. यात गरज कुठे दिसते?

निळाई
साठा आहे, मान्य. पण तो एका पेशीतून शेकडो पेशींत वाटला जातो, आणि स्प्लायसिंग लागणारी बाकीची जनुके तोवर सुरू झालेली असतात. हिस्टोनचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्यांच्या 'अर्ली' प्रती शेकडो आणि रांगेत, 'लेट' प्रती थोड्या आणि विखुरलेल्या. यू१मध्येही रांगेतली जनुके भ्रूणाच्या सुरुवातीला चालतात आणि पुढे दुसरा संच काम घेतो. सी अर्चिनची जनुके अभ्यासणाऱ्या मार्झलफ यांच्या प्रयोगशाळेने १९८०च्या दशकात हा बदल दाखवला. नुसत्या योगायोगाला वेळापत्रक कशाला?

तर्कट
वेळापत्रक प्रमोटर (जनुक कधी सुरू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा भाग) ठरवतो, रांग नाही. प्रती एकसारख्या राहतात त्या कन्सर्टेड इव्होल्यूशनमुळे (रांगेतल्या प्रती एकत्रच बदलत जाण्यामुळे). म्हणून तर निरुपयोगी स्पेसरही रांगेत सारखाच राहतो! निवड फक्त जनुकावर असती तर स्पेसर केव्हाच भरकटला असता.

प्रवाळ
दोघेही प्रमोटरवरून घाईत पुढे गेलात. पृष्ठवंशीयांत यू६ या आणखी एका छोट्या केंद्रकीय आरएनएच्या प्रमोटरमध्ये टाटा क्रम (TATA हा डीएनएचा छोटा क्रम) असतो आणि तिथे पॉलिमरेज तीन (आरएनए बनवणाऱ्या विकरांपैकी एक) येतो. यू२मध्ये तो नसतो, तिथे पॉलिमरेज दोन. सी अर्चिनच्या यू२ला मात्र टाटा क्रम लागतोच, तरीही काम पॉलिमरेज दोनच करतो. १९९२मध्ये तिथे भ्रूणवाढीनुसार चालणारे दोन यू२ प्रमोटर तपासले गेले: टाटा दोन्हींत आवश्यक, बाकीचे घटक वेगवेगळे. तर्कट, इथवर तुमचं बरोबर. पण एक संच लवकर चालतो आणि तोच रांगेत आहे, हे हिस्टोनमध्ये दिसतं, यू१मध्येही दिसतं. त्याचं उत्तर स्पेसरच्या मुद्द्यात नाही.

तर्कट
दोन उदाहरणांवर नियम बांधू नका. रांगेतल्या निम्म्या प्रती काढून भ्रूण वाढवा. ब्लास्टुला (भ्रूणाची सुरुवातीची पोकळ गोळ्याची अवस्था) अडखळला तर निळाईंचं म्हणणं मान्य करेन.

निळाई
निम्म्या काढून पुरणार नाही. उरलेल्या प्रती जास्त वेगाने चालतील आणि साठाही काही काळ भागवेल. रांग पूर्ण काढा, मग ब्लास्टुलाच्या पुढे गॅस्ट्रुला या पुढच्या अवस्थेपर्यंत वाढ मोजा.