अभ्यास आणि मैत्री : दोन्हीकडे अर्धवट राहिल्यासारखे वाटते, काय करावे?

प्रश्न (द्वितीय वर्षातील विद्यार्थिनी)

पहिल्या वर्षी मित्रमैत्रिणींमध्ये मी इतकी रमले की परीक्षेत दोन विषयांत कशीबशी उत्तीर्ण झाले. म्हणून या वर्षी ठरवून सर्वांपासून अंतर ठेवले. आता रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत पुस्तक उघडून बसते, पण व्हरांड्यातून हसण्याचा आवाज आला की लक्ष तिकडे जाते आणि एकच पान तीनदा वाचूनही डोक्यात काही शिरत नाही. कधी त्यांच्यात जाऊन बसलेच, तर अपुरी राहिलेली प्रयोगवही डोळ्यांसमोर येते. आठवड्याला 18 तास व्याख्याने आणि 4 तास प्रात्यक्षिके असताना मैत्रीसाठी नेमका किती वेळ काढणे योग्य ठरेल?

उत्तर (अंतिम वर्षातील विद्यार्थी)

तुझ्यासारखीच माझी अवस्था होती, म्हणून सविस्तर लिहितो. आठवड्याचे तास 168. रोज आठ तास झोप धरली तर 56 गेले, तुझे वर्ग 22, आणि आंघोळ, जेवण, कपडे, येणे-जाणे यांत आणखी 25 तरी जातात. उरले 65. अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रेडिट पद्धतीत व्याख्यानाच्या प्रत्येक तासामागे दोन तास स्वतःचा अभ्यास गृहीत धरतात. त्या हिशेबाने तुझ्या 18 तासांमागे 36 तास लागतील, आणि तरीही 29 तास शिल्लक राहतात. मग ते जातात कुठे, हे मला समजत नव्हते. शेवटी एक आठवडाभर दर अर्ध्या तासाला काय केले ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. तेव्हा दिसले की रोज दोन-अडीच तास असे होते, ज्यांच्यापुढे ‘अभ्यास’ लिहिताना माझाच हात अडखळत होता : पुस्तक उघडे, मोबाइल शेजारी पालथा, आणि दर काही मिनिटांनी तो उलटून पाहणे. ते तास अभ्यासालाही लागले नाहीत आणि मित्रांनाही मिळाले नाहीत. मैत्रीचा वेळ कमी करण्याआधी हे तास शोध, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

उत्तर (प्राध्यापिका)

वरील हिशेब योग्यच आहे, परंतु तुमच्या प्रश्नातील ‘एकच पान तीनदा’ हे शब्द मला अधिक महत्त्वाचे वाटतात. पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि तो आपल्याला येतो असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, वाचलेले न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते. म्हणून पान एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहा आणि मग राहिलेले तपासा. हे कंटाळवाणे आणि थकवणारे असते, पण वेळ खरोखर वाचतो.

दुसरी बाब अंदाजाची. कॅनडातील पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असे विचारले असता त्यांनी सरासरी 34 दिवस सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे 55 दिवस लागले. हा अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा प्रयोगवही दोन तासांत होईल असे वाटले, तर तीन तास धरा. मैत्रिणींसोबतची संध्याकाळ बहुधा या न धरलेल्या तिसऱ्या तासामुळेच बिघडते. झोप तोडून तो तास भरून काढू नये. दिवसभरात शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

उत्तर (नोकरी करून शिकणारी विद्यार्थिनी)

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. सर्वांच्याच वाट्याला 29 तास उरत नाहीत. माझे 20 तास नोकरीत जातात. त्यामुळे मी मोठ्या घोळक्यात फारशी जात नाही, परंतु दोन मैत्रिणींसाठी बुधवारची संध्याकाळ राखून ठेवते आणि परीक्षेच्या आठवड्यातही ती मोडत नाही, फार तर अर्ध्या तासावर आणते. ‘आज जमणार नाही, पण बुधवारी नक्की’ असे स्पष्ट सांगितले की समोरच्याला वाईट वाटत नाही. काहीच न सांगता दार लावून घेतले की वाटते. अंतर ठेवण्याचे कारण तुम्ही मैत्रिणींना कधी सांगितले आहे का?

प्रश्नकर्ती

नाही, सांगितले नव्हते. हे वाचून काल रात्री शेजारच्या खोलीतील मैत्रिणीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की मी रागावले आहे असे तिला दोन महिने वाटत होते. अर्ध्या तासाच्या नोंदी आजपासून सुरू केल्या आहेत. शनिवारी दुपारी आम्ही दोघी एकेक प्रकरण वाचून, पुस्तक मिटून एकमेकींना समजावून सांगणार आहोत, आणि त्यानंतरची संध्याकाळ मोकळी ठेवली आहे. प्रयोगवहीसाठी तीन तास धरले आहेत.