ख्रिस्ती मैत्रिणीशी देवाविषयी वाद: नास्तिकाने काय धरावं, काय सोडावं?

कुतूहल

मी नास्तिक आहे आणि माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मनापासून ख्रिस्ती. वाद घालायला दोघींनाही आवडतं, पण हल्ली गाडी त्याच त्या ठिकाणी अडते. ती म्हणते, विश्वाला सुरुवात आहे म्हणजे ते सुरू करणारा कोणीतरी असलाच पाहिजे. देव नसेल तर चांगलं-वाईट ठरवायचं कशावरून? येशूचे शिष्य खोट्यासाठी मरायला तयार झाले असते का? आणि सगळ्याच्या शेवटी, ‘तू एकदा प्रार्थना करून तरी बघ.’

तिने धर्म सोडावा असं मला अजिबात वाटत नाही. मी का मानत नाही, ते तिला नीट कळावं एवढंच हवंय. यातले कुठले मुद्दे पुढे न्यावेत? येशू नावाचा कोणी माणूस झालाच नाही असं सांगणारे बरेच व्हिडिओ पाहिले. ते वापरण्यासारखे आहेत का?

रोखठोक

बायबलमधल्या विसंगती दाखवा, काम झालं. मत्तय 27 मध्ये येशूला दगा देणारा शिष्य यहूदा गळफास घेतो. प्रेषितांची कृत्ये 1 मध्ये तोच पालथा पडतो आणि त्याचं पोट फुटतं. यावर कोणाकडे उत्तर नसतं.

सांजवेळ

रोखठोक, उत्तर असतं, आणि फार जुनं आहे: आधी फास घेतला, मग दोर तुटला, मग पडला. तुम्हाला ते ओढूनताणून आणलेलं वाटेल, मलाही वाटतं. पण समोरच्याच्या श्रद्धेला त्याने काहीच होत नाही. आणि बायबलचा शब्दन् शब्द बिनचूक आहे असं न मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तर हा प्रश्नच पडत नाही.

कुतूहल, माझे सासरे निवृत्त पास्टर आहेत. मी नास्तिक आहे हे लग्नाआधीपासून त्यांना ठाऊक आहे आणि आमचा वाद तेव्हापासून चालू आहे. त्या अनुभवावरून सांगते. सगळ्यात आधी मैत्रिणीला विचारा की ती नेमकं काय मानते. पुष्कळ नास्तिक सहा दिवसांच्या निर्मितीवर तुटून पडतात आणि समोरची व्यक्ती शांतपणे म्हणते, ‘मी तर उत्क्रांती मानते.’ विश्व प्रसरण पावतंय असं 1927 साली मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. उत्क्रांती ही आता नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक काही आहे, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 मध्ये म्हटलं. विज्ञान विरुद्ध बायबल हे भांडण काही पंथांपुरतं खरं आहे, सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या माथी ते मारू नका.

‘येशू झालाच नाही’ हे सोडून द्या. त्या काळाचा अभ्यास करणारे जवळजवळ सगळे इतिहासकार, त्यात देव न मानणारेही आले, येशू नावाचा माणूस होऊन गेला आणि रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात क्रूसावर मेला हे मान्य करतात. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल गलतीकरांना पत्रात लिहितो की तो यरुशलेमात प्रभूचा भाऊ याकोब याला भेटला. जो माणूस झालाच नाही त्याच्या भावाची भेट कशी होईल? नास्तिक असायला ऐतिहासिक येशू नाकारावा लागत नाही. तो नाकारायचा हट्ट धरलात तर मैत्रिणीला वाटेल की तुम्हीही सोयीचं तेवढंच वाचता.

खरा वाद पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मेल्यावर पुन्हा उठला का यावर आहे, आणि हे मी नाही, पौलच म्हणतो: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट (1 करिंथ 15:14). मला हे वचन फार आवडतं. त्याने स्वतःच्या श्रद्धेची सगळी मदार एका घटनेवर ठेवली, म्हणजे त्या घटनेचा पुरावा तपासायची मुभा त्यानेच दिली. तर तपासा. करिंथकरांना लिहिलेलं हे पत्र इ.स. 50 ते 60 च्या दरम्यानचं, शुभवर्तमानांच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांच्या) आधीचं. येशू कोणाकोणाला दिसला त्याची यादी त्यात आहे: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित, आणि शेवटी पौल स्वतः. रिकाम्या कबरेजवळ गेलेल्या स्त्रियांचा तिथे उल्लेख नाही. पौलाला जे दिसलं ते प्रेषितांची कृत्ये सांगतात त्याप्रमाणे प्रकाश आणि आवाज होता, तरी तो स्वतःला त्याच यादीत बसवतो. मग इतरांना काय दिसलं होतं? पुढे मार्कचं शुभवर्तमान घ्या. सगळ्यात जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत, मार्क 16:8 ला संपतो. स्त्रिया भेदरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. उठलेला येशू दिसल्याचे प्रसंग त्यानंतरच्या वचनांत आहेत आणि ती नंतर जोडली गेली, हे ख्रिस्ती अभ्यासकच मोकळेपणाने सांगतात.

यातून पुनरुत्थान झालं नाही असं सिद्ध होतं का? नाही होत. पण इतकी असाधारण गोष्ट मानायला हा पुरावा मला का पुरत नाही, ते समजतं. तुम्हालाही एवढंच हवं आहे ना?

शिष्यांच्या मरणाबद्दल: जब्दीचा मुलगा याकोब या शिष्याला हेरोद राजाने तलवारीने मारलं, ही नोंद प्रेषितांची कृत्ये 12 मध्ये आहे. येशूचा भाऊ याकोब दगडमाराने मेला, हे यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो. पेत्र आणि पौलाबद्दलची परंपराही बरीच जुनी आहे. बाकी बहुतेकांच्या हौतात्म्याच्या कथा पुष्कळ नंतरच्या. आणि जीव देण्यावरून एवढंच कळतं की त्या माणसाचा त्या गोष्टीवर मनापासून विश्वास होता. ते खोटारडे नव्हते, हे मी पहिल्या वाक्यातच मान्य करते. पप्पांना (सासऱ्यांना) ते ऐकून बरं वाटतं आणि बोलणं पुढे सरकतं.

विश्वाच्या सुरुवातीचा युक्तिवाद तिला शेवटपर्यंत नेऊ द्या. तो मध्ययुगात मुस्लिम विचारवंत अल-गझालीने इस्लामच्या बाजूने मांडला होता. समजा पूर्ण मानला, तरी हाती लागतं ते एक आदिकारण. तिथून नासरेथच्या येशूपर्यंतची वाट त्यात नाही.

जैतून

मी ख्रिस्ती आहे. सांजवेळ यांनी आमची बाजू प्रामाणिकपणे मांडली, त्याबद्दल आभार. पण एक गोष्ट राहते आहे. माझा विश्वास युक्तिवादातून आलेला नाही. आयुष्यातल्या फार वाईट काळात मला कोणीतरी धरून ठेवलं होतं, हा माझा अनुभव आहे. नास्तिक मित्र साक्ष ऐकून लगेच ‘हा पुरावा नाही’ म्हणतात, तेव्हा मी सांगितलेलं त्यांनी ऐकलंच नाही असं वाटतं. तुम्ही जोडीदारावर विश्वास ठेवता तो काय पुरावे मोजून?

सांजवेळ

जैतून, तुमचा अनुभव खरा आहे यात मला शंका नाही. कुतूहल, मैत्रीण साक्ष देते तेव्हा मध्येच तोडू नका, पूर्ण ऐका आणि मग विचारा की ज्याने धरलं तो येशूच होता हे तिने कसं ओळखलं. दुसऱ्या धर्माचे लोक हेच अनुभव अगदी याच कळवळ्याने सांगतात. अनुभव खरा असू शकतो आणि त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो, मला एवढंच म्हणायचं असतं. जोडीदाराचं म्हणाल तर तो आहे की नाही हा प्रश्न नसतो, तो कसा आहे हा असतो.

नीतीच्या मुद्द्यावर थोडक्यात. बायबलच्या 1 शमुवेल 15 मध्ये अमालेक या शत्रू लोकांची तान्ही मुलंसुद्धा मारायची देवाची आज्ञा आहे. ते वाचून तुमच्या मैत्रिणीला त्रास होतो का, विचारा. बहुतेकांना होतो, आणि तो होतो याचा मला आनंद आहे. म्हणजे आज्ञेच्या बाहेरची एखादी कसोटी आपल्या दोघींकडेही आहे, आणि तिच्यावर दोघी मिळून बोलू शकतो.

माझ्या नास्तिकतेचं मूळ मात्र यातल्या कशातच नाही, ते दुःखात आहे. माणसाच्या क्रौर्याचं उत्तर इच्छास्वातंत्र्य म्हणून देता येतं. पण तत्त्वज्ञ विल्यम रो याने 1979 मध्ये एक उदाहरण दिलं: वणव्यात होरपळलेलं हरणाचं पाडस जंगलात दिवसेंदिवस तडफडून मरतं आणि कोणालाही ते कळत नाही. कोणाची इच्छा, कोणता धडा? हे मी पप्पांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण माझा देव क्रूसावर, तू माझा त्याग का केलास, असं ओरडला.’ दुःखात असलेल्याला यातून आधार मिळतो, ते मला दिसतं. पाडसाचा प्रश्न तसाच राहतो, हेही त्यांना सांगितलं. दोन्ही मनापासून.

कुतूहल

खूप आभार, जैतून तुमचेही. प्रार्थनेचं काय करू? ती फार प्रेमाने म्हणते.

सांजवेळ

मी करत नाही. समोर कोणी आहे असं वाटत नसताना त्याच्याशी बोलण्याचं नाटक केलं, तर मी तिलाच फसवते. हवं तर तिला आधी विचारून ठेवा की काहीच जाणवलं नाही तर ते ‘नाही’ धरायचं का. ‘मन उघडं नव्हतं’ हे उत्तर येणार असेल तर ती परीक्षा नाही. त्याऐवजी दोघी मिळून 1 करिंथ 15 पूर्ण वाचा, मग मार्क 16. तळटिपांसकट छापलेली प्रत घ्या, आठव्या वचनाची टीप सोडू नका.

जैतून

आणि सोबत बायबलमधलं ईयोबाचं पुस्तकही वाचा. तिथे देवाशी भांडणारा माणूसच शेवटी योग्य बोलला, असं देव म्हणतो.