सोलापूर ते मनाली स्वतःच्या गाडीने: बर्फाचे टायर घ्यावेत का? आणि दोन की चार?

कडकभाकरी
मंडळी, नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेऊन मनालीला जायचं ठरतंय. मी, बायको, दोन पोरं. जमलं तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत. गाडी २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, टायर १६५/८० आर१४, गाडीबरोबर आलेलेच. ४६ हजार किमी झालेत. पुढच्या दोन टायरांची नक्षी बरीच गेलीय, मागचे बरे दिसतात.
प्रश्न दोनच. बर्फाचे (विंटर) टायर टाकावेत का? आणि टाकायचेच तर चारही, की पुढचे दोन पुरे? ताकद पुढच्याच चाकांना असते म्हणून विचारतोय.
बजेट १० हजार. वर एक रुपया नाही, हॉटेलचे पैसे भरून झालेत. नवीन गाडी घ्या असं कृपया कोणी सुचवू नये.

होटगीरोडवाला
नवीन गाडी घ्या. चेष्टा नाही करत. माझी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद असलेली) आहे, तिकडं दोनदा नेली, बर्फात नुसती रांगत वर चढते. स्विफ्ट घेऊन बर्फात जायचं म्हणजे हौस आहे. आणि १० हजारात काय होतंय? माझा एक टायर १४ हजाराचा आहे.

बाळीवेस
काय बे, सोलापुरात बर्फाचे टायर? इथं बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. आणि गड्ड्याची जत्रा तोंडावर आली असताना गाव सोडून कुठं निघालास?

कडकभाकरी
गड्ड्याच्या आधी परत येणार की ओ. संक्रांतीला घरीच आहे.

मार्केटयार्ड टायर
धंद्यातलाच माणूस आहे म्हणून लिहितो. तुमच्या साइजचा खरा विंटर टायर सोलापुरात कुठल्याही दुकानात ठेवलेला नसतो, पुण्यातही सहज मिळायचा नाही. मागवावा लागतो, कधी येईल याचा भरवसा नाही, आणि चार घेतले तर तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढं जातं.
त्याआधी एक काम करा. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तो आकडा इथं टाका. आणि नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचा छोटा उंचवटा दिसेल, तो १.६ मिमीचा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला, मग किमी कितीही झालेले असोत.

कडकभाकरी
आत्ताच मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. चारही टायरवर ३४१९. पुढच्या डाव्या चाकाला आतल्या कडेनं उंचवटा आणि नक्षी एकाच पातळीत आलीय. बाहेरच्या कडेला अजून आहे थोडी.

मार्केटयार्ड टायर
म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. रबर वयानं कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. आणि आतली कड एकटीच झिजलीय म्हणजे चाकांचं अलाइनमेंट गेलेलं आहे. ते आधी करा, नाहीतर नवीन टायरही तसाच खाल्ला जाईल.

म्युनिकचा सोलापुरी
इथे जर्मनीत दर वर्षी हा सोहळा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विंटर टायर म्हणजे फक्त खोल नक्षीचा टायर नव्हे. त्याचं रबरच वेगळं असतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर ताठरतं आणि पकड कमी होते. विंटरचं रबर तेव्हाही मऊ राहतं, शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. खरा विंटर टायर ओळखायचा तो बाजूच्या चिन्हावरून: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते कंपनीनं स्वतःच म्हटलेलं असतं, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस चालत नाही, डोंगराचं चिन्ह लागतंच. रस्त्यावर बर्फ असताना साध्या टायरवर सापडलात तर ६० युरो दंड.
आणि घ्यायचे तर चारच. दोन कधीच नाही.
अवांतर: इथे दोन-दोन सेट रिमसकट ठेवतात आणि न वापरातला सेट गॅरेजवाला भाडं घेऊन सांभाळतो. सोलापुरात हे सांगितलं तर लोक हसतील.

बाळीवेस
हसलो.

चाकोरीबाहेर
दोनच टाका हो. ताकद पुढं, स्टीअरिंग पुढं, ब्रेकचा भारही पुढंच जास्त. माझ्या मेव्हण्याने फक्त पुढचे दोन चांगले टाकले आणि जानेवारीत शिमला करून आला. काही झालं नाही. हे चार-चारचं सगळं टायरवाल्यांचं गणित.

म्युनिकचा सोलापुरी
काही झालं नाही म्हणजे वळणावर ब्रेक मारायची वेळ आली नाही, एवढंच. पुढचे धरतात आणि मागचे धरत नाहीत, अशा वेळी उतारावरच्या वळणात मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गोल फिरते. पुढचा भाग सरकला तर निदान कळतं, पाय काढता येतो. मागचा सरकला की नवशिक्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून साधे टायर घेतले आणि दोनच घेतले, तरी नवे मागे टाका आणि मागचे बरे असतील ते पुढे आणा. गाडी पुढच्या चाकांची असली तरीही.

चाकोरीबाहेर
हे पहिल्यांदाच ऐकतोय. आमचा फिटर तीस वर्षं नवे पुढंच टाकतो.

मार्केटयार्ड टायर
म्युनिकवाले बरोबर बोलतायत, कंपन्याही तेच सांगतात. पण गिऱ्हाईकाला सांगितलं तर तो म्हणतो, शेठ, नवीन टायर दिसायला पाहिजे की पुढं.

डिझेलप्रेमी
डिझेलचं काय करणार? थंडीत डिझेल गोठतं, त्यातलं मेण धरतं आणि फिल्टर चोक होतो. इंडियन ऑइलनं लडाखसाठी २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल काढलं ते यासाठीच. वाटेत तेच टाका.

कडकभाकरी
गाडी पेट्रोल आहे. वर लिहिलंय.

डिझेलप्रेमी
मग ठीक. पण पुढची गाडी घेताना लक्षात ठेवा.

लालपरी निवृत्त
मुलांनो, टायर टायर काय करताय. आम्ही घाटात टायर गोटा झालेल्या गाड्या खाली आणल्यात. (तसं करू नका.) उतारावर ब्रेकवर बसायचं नाही, गाडी दुसऱ्या गिअरला टाकायची आणि इंजिननं धरायची. बर्फात तर ब्रेक, क्लच, स्टीअरिंग सगळं हळू. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, पाणी जाऊन गोठलं तर सकाळी चाक सुटत नाही. पहिल्या गिअरला टाका आणि चाकाखाली दगड लावा. हे चार टायर घेतल्यानं होत नाही.

सात रस्ता
+१ काकांना. मीही हेच लिहिणार होतो.
आणि नायट्रोजन भरून घ्या. थंडीत हवा कमी होत नाही.

इंजिनिअर ४१३००१
होते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, राहिलेला बदलून काही जादू होत नाही. गार पडला की दोघांचाही दाब कमी होतो. साधारण साडेपाच-सहा अंशांना एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). सोलापुरात दुपारी ३० अंशांत ३३ भरलीत आणि मनालीत पहाटे उणे ५ असेल, तर पाच-सहा पीएसआय गेलेच. तिथं पोचून सकाळी गाडी हलवायच्या आधी तपासा आणि भरा. आणि परत येताना कमी करायला विसरू नका.

सात रस्ता
मी तीन वर्षं नायट्रोजन भरतो, एकदाही पंक्चर नाही.

इंजिनिअर ४१३००१
त्याचा पंक्चरशी काय संबंध?

कोचिंगवाले सर
इंजिनिअरसाहेब, अर्धंच सांगितलंत. मनाली दोन हजार मीटरवर आहे, तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी. गेज हा बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक दाखवतो, त्यामुळे अडीच-एक पीएसआय परत मिळतात. निव्वळ तोटा तीनच्या आसपास.

इंजिनिअर ४१३००१
मान्य. पण तीन तरी भरायचेच आहेत ना.

(इथून पुढं नायट्रोजनवर दोघातिघांचे बरेच प्रतिसाद आहेत, ते धाग्याच्या विषयात येत नसल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. संपादक)

अक्कलकोट रोड
टायर घेताना तारीख बघूनच घ्या, मी जळालोय. इथल्याच एका दुकानातून "परवाच आलाय माल" म्हणून चार टायर घेतले, घरी येऊन आकडे वाचले तर अडीच वर्षांचे. परत गेलो तर म्हणतो, साहेब, टायर काय दूध आहे का नासायला. बदलून दिले नाहीत. तेव्हापासून टायर रिमवर चढवायच्या आधी स्वतः वाकून वाचतो, दुकानदाराला राग आला तरी.

होटगीरोडवाला
म्हणून मी डीलरकडूनच घेतो. १४ हजाराला एक.

बाळीवेस
सांगितलंस बे आधीच.

तुळजापूर नाका
रस्त्याचं कोणीच बोललं नाही. सोलापूरवरून जो राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो तोच धरा. तुळजापूर, धाराशिव, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत तो थेट पंजाबात संगरूरला जाऊन संपतो. तिथून किरतपूर, मंडी, मनाली. एकंदर दोन हजार किमीच्या वरच. आता विचार करा, त्यातले बर्फाचे किती? अगदी शेवटचे. बाकी सगळा कोरडा डांबरी नि सिमेंटचा रस्ता, आणि मध्य प्रदेशात दुपारी बऱ्यापैकी ऊन. मऊ रबराचे विंटर टायर त्याच्यावर घासत न्यायचे आणि घासत आणायचे. आल्यावर मार्चमध्ये इथलं डांबर तापलं की काय करणार त्यांचं?

म्युनिकचा सोलापुरी
हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. गरम रस्त्यावर विंटर टायर लवकर झिजतो आणि ब्रेकही लांब लागतो. मी प्रश्नाचं उत्तर दिलं, सोलापुरात घ्या असं म्हटलं नव्हतं. तुमच्या प्रवासाला चार चांगले साधे टायर आणि बर्फापुरत्या टायरवर चढवायच्या साखळ्या हे जास्त शहाणपणाचं. साखळी पुढच्या चाकांना, कारण ताकद तिथं आहे. फक्त बर्फ असेल तिथंच लावायची, वेग ४० च्या आत, आणि काळा रस्ता दिसला की काढायची. नाहीतर टायरही फाटतो आणि साखळीही. घरी अंगणात एकदा लावून बघा, तिथं बोटं गारठल्यावर हुक सापडत नाही.

चाकोरीबाहेर
बघा, साखळी दोनच चाकांना! मग टायर दोन का नाहीत?

म्युनिकचा सोलापुरी
साखळीतही चार लावल्या तर उत्तमच. दोन ही तडजोड आहे आणि ती ४० च्या आतल्या वेगासाठी आहे. तुमचा मेव्हणा त्या दोन टायरांवर ४० नं गेला होता का?

मनालीत राहिलेला
दोन हिवाळे तिकडं नोकरी केलीय. जोराचा बर्फ पडला की मनालीच्या पुढं पोलिस फोर बाय फोर किंवा साखळीवाल्या गाड्याच सोडतात, कधी कधी तेही नाही. बोगदा ९.०२ किमी, आत रस्ता कोरडा असतो, लोक वेगात बाहेर येतात आणि खरी घसरण पलीकडच्या तोंडाशी असते. दिसणाऱ्या पांढऱ्या बर्फापेक्षा सकाळचा पारदर्शक थर वाईट. रस्ता नुसता ओला वाटतो. ऊन पोचत नाही अशा वळणावर तो दुपारीही असतो. त्या थराला कुठलाच टायर फारसा पुरत नाही. दहाच्या आधी निघू नका आणि चारच्या आत परत या.
आणि एक अतिशय महत्त्वाचं: रेडिएटरमध्ये काय आहे? आपल्याकडं कूलंट कमी झालं की सरळ नळाचं पाणी ओततात. ते तिथं रात्री गोठलं तर इंजिनच्या ब्लॉकला तडा जाईल. पूर्ण काढून गोठणरोधक कूलंट योग्य प्रमाणात भरून घ्या. काचेवर मारायच्या पाण्याचंही तेच. टायरपेक्षा हे आधी.

कडकभाकरी
बापरे. उन्हाळ्यात गॅरेजवाल्यानं पाणीच भरलं होतं. हे उद्याच करतो. मनापासून आभार.

सात रस्ता
+१. कूलंट बदला. शेंगाचटणी नि कडक भाकरीही बांधून न्या, ती गोठत नाही.

होटगीरोडवाला
अजूनही सांगतो, बुकिंग रद्द करा, पैसे जमवा, दोन वर्षांनी चांगली गाडी घेऊन जा.

कडकभाकरी
अपडेट देतो. कूलंट पूर्ण बदललं, पुसायच्या पाण्याचंही काम केलं. अलाइनमेंट केलं, खरंच बरंच गेलेलं होतं. विंटर टायरचा नाद सोडला. साधे दोन नवीन टायर घेतले, तारीख वाकून वाचली, तीन महिन्यांच्या आतले निघाले. दोन टायर, फिटिंग, बॅलन्सिंग धरून नऊ हजारांच्या थोडं खाली. साखळ्या घेत नाही. मनालीत गाडी हॉटेलच्या आवारात लावून पुढं सिस्सूला तिथल्याच फोर बाय फोर टॅक्सीनं जाऊ. तिथला ड्रायव्हर रोज तेच करतो.
नवे टायर पुढं टाकलेत. म्युनिकसाहेबांचं पटलं होतं, दुकानात तसं सांगितलंही. पण सासरे बरोबर होते, ते म्हणाले पुढं टाक, आणि पुढचा टायर फुटला तर स्टीअरिंग हातातून जातं हे मलाही मनातून जात नव्हतं.

म्युनिकचा सोलापुरी
म्हणजे २०१९ च्या चार टायरांपैकी दोन अजून मागे तसेच. इतकं लिहून. निदान मंडीपासून पुढे ओल्या वळणावर हळू, आणि सकाळचा नियम पाळा. टॅक्सीचा निर्णय मात्र धाग्यातला सगळ्यात चांगला.

चाकोरीबाहेर
मी म्हटलं होतं ना, दोनच.

लालपरी निवृत्त
सासरे बरोबर असताना दुसरं काय होणार. सुखरूप जाऊन या.

अक्कलकोट रोड
दुकान कुठलं ते व्यनि (खाजगी निरोप) करा. तीन महिन्यांच्या आतला माल मला कधी मिळाला नाही.

बाळीवेस
काढलेले दोन टायर दुकानातच सोडलास की घरी आणलास? हातगाड्याला पाहिजे होते.